एका गोळ्यावर एक गाडी

१

“हिला खाली नको हां धाडू, आये. तिला न्हाय चालायचं.”

आक्का मागच्या पडवीत बोंबील निवडत होत्या आणि मी पलीकडे न्हाणीत होते. न्हाणीत गेलेल्या माणसाला बाहेरचं काही ऐकू येत नाही, अशी त्या घराची समजूत होती. पण बादली संपली की तांब्या थांबतो, आणि तांब्या थांबला की सगळं ऐकू येतं.

“आपुन कशाला मधी पडायचं?” सासूबाई म्हणाल्या. “केसरी बघंल काय ते.”

“बघंल कसला! बिचारीचे चार दिस तरी बरे जाऊ देत.”

लग्नाला नऊ दिवस झाले होते. ओल्या केसांनी भिंतीला टेकून मी घरातल्या बायका मोजल्या. सासूबाई, म्हणजे रंगूबाई. आक्का, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. नवरा गेल्यावर त्या परत माहेरी येऊन राहिल्या होत्या. आणि मी. ‘हिला’ म्हणजे मला. मग ‘तिला’ म्हणजे कोणाला? चौथी बाई घरात नव्हती.

खरं सांगते, त्या वेळी भीती वगैरे वाटली नाही. आधी लागलं ते ‘बिचारी’. वडप्याला माझ्या माहेरी मला घुमी म्हणत, पुस्तकं चाटते म्हणत, आत्या तर तोंडावर आळशी म्हणे. पण बिचारी मला कधी कोणी म्हटलं नव्हतं. आणि त्या शब्दाच्या मागोमाग, पाहुणीने पाटावर बसावं तशी, पोटात एक गोष्ट येऊन बसली. सवत हा शब्द मी तोवर फक्त कहाण्यांमध्ये वाचला होता.

२

आमचं घर म्हणजे भिवंडीतली एक जुनी भाताची वखार. सासऱ्यांनी ती घेऊन वर राहायच्या खोल्या काढल्या होत्या. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जमिनीत एक लाकडी झडप होती. झडपेखाली अकरा दगडी पायऱ्या आणि खाली घराएवढं लांब तळघर. पूर्वी तिथे भाताची पोती रचत.

आक्कांनी ‘नको धाडू’ म्हटलं खरं, पण दोनच दिवसांनी हे स्वतःच म्हणाले, “खाली येतेस? एक दाखवायचंय.”

हे कल्याणला रेल्वेच्या माल-यार्डात कारकून होते. त्याआधी दोन वर्षं चांद्याकडे, कोळशाच्या खाणींजवळच्या एका एकेरी लाइनीवरच्या लहानशा स्टेशनात काढलेली. बोलणं कमी. चालताना डोळे जमिनीवर, जसं काही सगळीकडे रूळच आहेत.

झडपेशेजारच्या खिळ्याला एक चामडी पिशवी लटकत होती. ती काढून ह्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. आत पेरूएवढा लोखंडी गोळा होता, चांगलाच जड.

“एकेरी लाइनीवर ड्रायव्हरच्या हातात असा गोळा पडल्याशिवाय त्याने गाडी पुढे न्यायची नाही. गोळा एकच. म्हणजे लाइनीत गाडी एकच. आपला जिना पण एकेरी हाय. हातात गोळा नसेल तर पायरीवर पाय ठेवायचा न्हाय. वरून उतरताना न्हाय आणि खालून चढतानाही न्हाय.”

“नाहीतर?”

“नियमाला कारण विचारायचं नसतं, तुळजा. कारण कळेपर्यंत दोन गाड्या समोरासमोर आलेल्या असतात.”

“मग मी कशी येऊ? गोळा तर एकच आहे.”

ह्यांनी हात पुढे केला. “हात सोडू नको म्हणजे झालं. इंजिनाला जोडलेला डबा वेगळी गाडी धरत न्हाईत.”

दिवसाउजेडी ह्यांनी माझा हात धरला तो त्या दिवशी. अकरा पायऱ्या मी एकेक करून मोजल्या, लवकर संपू नयेत म्हणून.

खाली एक दिवा लावला आणि मी बघतच राहिले. भिंतीपासून भिंतीपर्यंत फळ्यांचं टेबल, कमरेएवढं उंच. त्यावर आख्खी कोळशाची रेल्वे. पत्र्याच्या पट्ट्यांचे रूळ, रूळ बदलायचे सांधे, सिग्नल. डालड्याच्या डब्यांचा पत्रा कापून केलेले मालगाडीचे डबे. ह्यांच्या भाषेत ‘वाघिणी’. त्यांत खराखुरा कोळसा, कुटून हरभऱ्याएवढा केलेला. इंजिनात कोळसा चढवायचा ओटा, राखेचा खड्डा, वजनकाटा, आणि एका टोकाला विजेचं कारखानावजा घर, धुरांडं म्हणून औषधाची उभी बाटली. एकच इंजिन मोटरवर चाले. बाकी सगळं हाताने ढकलायचं.

“भरलेली गाडी उताराने यायला पायजे, रिकामी चढाने परत जायला पायजे. ह्यातच सगळी गंमत हाय,” हे म्हणाले, आणि एक वाघीण दोन बोटांनी अशी सरकवली की मला नजर वळवावी लागली. मला त्या बोटांनी अजून तसा स्पर्श केला नव्हता.

“हे सगळं एकट्याने केलंत?”

ह्यांनी पलीकडे पाहिलं. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, जिथे दिव्याचा उजेड पोचत नव्हता, कागदाच्या लगद्याचा एक काळा डोंगर होता आणि त्यात बोगदा. रूळ त्या बोगद्यात शिरत होते.

“खाणीकडची बाजू अजून व्हायचीय,” हे म्हणाले.

३

त्यानंतर हे मला खाली घेऊन गेले नाहीत. ड्युटीवरून आले की हातपाय धुवायचे, गोळा घ्यायचा, उतरायचं. मी वर. आमच्यात संसार म्हणून जे काही होतं ते एका तारेवर चालत होतं. खालून ती तार ओढली की स्वयंपाकघराच्या फळीवरची पितळी घंटी वाजे. दोन ठोके म्हणजे चहा. तीन म्हणजे ताट. मी वाकून वरून तिसऱ्या पायरीवर ठेवायचं. पायरीवर हात टेकला तर चालत असे, पाय नाही. माझ्या मैत्रिणींना नवऱ्याची पत्रं येत, मला ठोके येत.

पहिली खटकलेली गोष्ट अगदी लहान होती. तिसऱ्या पायरीवरून मी रिकामा कप उचलला तर तो धुतलेला होता. विसळलेला आणि बशीवर पालथा घातलेला.

लग्न झालेल्या कोणत्याही बाईला विचारा. पुरुष कप धूत नाही. चुकून धुतलाच तर पालथा घालत नाही. आणि आमचे हे तर आंघोळीनंतर लंगोट पिळायचाही विसरायचे.

मी आक्कांना कप दाखवला. “ह्यांनी धुतला वाटतं.”

आक्कांनी कपाकडे पाहिलं, मग चुलीकडे. “धुतला तं धुतला. तुजं काम वाचलं.”

मी रीतसर विचार केला. शाळेत आम्हाला जुन्या अकरावीला भूमिती होती. गृहीत, साध्य, सिद्धता. तळघराला दुसरा दरवाजा असणार. वखारीला मागून गाडी लावायला असतोच. त्यातून कोणीतरी येत असणार. दुसऱ्या दिवशी दुपारी हे ड्युटीवर असताना मी घराला वळसा घालून गेले. दरवाजा होता. त्याच्यावर कुलूप होतं आणि कुलपाच्या तोंडात गांधीलमाशीने मातीचं घर केलं होतं. दरवाजाला टेकून शेजारच्या मोमीनचाचांच्या लूमची, सूत गुंडाळायची भंगार बिमं उभी, त्यांवर गवत वाढलेलं.

“क्या ढूंढती है, बेटी?” चाचांनी विचारलं.

“कुछ नहीं चाचा. मांजर.”

“ये दरवाजा? ये तो तुम्हारे ससुर के टाइम से बंद है.”

म्हणजे ती बाहेरून येत नव्हती. सिद्धता तिथे संपली आणि मत्सर मात्र वाढला. बाहेरून येणारी बाई निदान परत तरी जाते.

४

हे रेल्वेच्या जुन्या फॉर्मांच्या पाठीवर नकाशे काढत. पंधरा-वीस फॉर्म डिंकाने जोडून एक भला मोठा नकाशा केला होता. एका रविवारी तो वर आणून ह्यांनी जेवणघरात पसरला, मिठाच्या बरण्या कोपऱ्यांवर ठेवून. मी पोळ्या लाटता लाटता बघत होते.

ह्यांचं अक्षर उजवीकडे झुकलेलं, घाईचं. नकाशावर ते जागोजाग होतं: वळण, चढ, साइडिंग. पण काही ठिकाणी दुसरं अक्षर होतं. गोल, सावकाश, एकेक काना दाबून काढलेलं, चौथीत पाटी सोडून वही घेतलेल्या मुलीसारखं. पेन्सिल नव्हती ती, कोळसा होता.

*इथे चढ फार. भरलेली गाडी अडेल.*

*वजनकाटा आधी, मग सांधा.*

आणि प्रत्येक ठिकाणी ह्यांनी आपली जुनी रेघ खोडून तिच्या म्हणण्याप्रमाणे नवी काढली होती.

“हे कोणी लिहिलं?”

“अं? मीच लिहिलं असेल.” ह्यांनी वर पाहिलं नाही. “वजनकाटा आधी. बरोबरच हाय की.”

नवऱ्याचं दुसऱ्या बाईवर मन असेल तर बायका म्हणतात, काय आहे एवढं तिच्यात? रूप? माझ्यापुढे तो प्रश्नच नव्हता. तिला वजनकाटा आधी हवा हे कळत होतं. ह्यांच्या डोक्यात जी गाडी चालायची तिचे रूळ तिला दिसत होते. मला पोळ्या येत होत्या.

मग मीही शिकले. हे जेवताना एखादा शब्द टाकत, तो मी उचलून ठेवी. ब्रेक-व्हॅन. डेड-एंड. रिकाम्यांची वाट. पंधरा दिवसांत मला नकाशा तोंडपाठ झाला. आणि एक चूक सापडली, तिच्या कामातली. राखेच्या खड्ड्याजवळ पाणीच नव्हतं. इंजिनातून काढलेला निखारा विझवणार कशाने? चूल सांभाळणाऱ्या बाईला हे दिसतं. तिला दिसलं नव्हतं.

हे हात धुवायला उठले तेवढ्यात मी पेन्सिलीने, माझ्या सुरेख अकरावी पास अक्षरात लिहिलं: *राखेपाशी नळ हवा.*

दोन दिवसांनी नकाशा पुन्हा वर आला. माझ्या ओळीवरून ओलं काळं बोट फिरलेलं होतं. बोट लहान होतं. ठशाच्या रेषा दिसत होत्या. खाली लिहिलं होतं:

*नळ आहे. बोगद्याच्या आत.*

“बोगद्याच्या आत!” हे स्वतःशीच म्हणाले, आणि हसले. लग्नानंतर ह्यांना मी पहिल्यांदा हसताना पाहिलं. “काय डोकं हाय!”

५

भिवंडीत राहणाऱ्याला शांतता म्हणजे काय ते शुक्रवारी कळतं. बाकीचे सहा दिवस दोन्ही बाजूंच्या भिंतींतून लूमांची खटाखट येते. भांडी फळीवरून आपोआप कडेला सरकतात. शुक्रवारी लूमांना सुट्टी. दुपारची नमाज होते आणि सगळा मोहल्ला एकदम गप्प होतो, आणि मग ज्याच्या त्याच्या घरातले आपापले आवाज ऐकू येतात.

त्या शुक्रवारी हे ड्युटीवर होते. सासूबाई टेमघरला बहिणीकडे गेल्या होत्या, आक्का बरोबर. गोळा खिळ्याला होता, म्हणजे खाली कोणी नव्हतं. मी गोळा घेतला, म्हणजे आता कोणी येऊही शकत नव्हतं. अशी खात्री करून मी उतरले.

दिवा लावला. खाली कोळशाचा वास होता, आणि त्याच्या आत आणखी एक, शिकेकाईचा. मी स्वतःचे केस हुंगले. मी काल धुतले होते, माझाच असेल.

बोगद्याकडे मी बघितलं नाही. कामाला लागले. तिच्या मनासारख्या लावलेल्या वाघिणी मी एकेक करून हलवल्या. रिकाम्या सगळ्या डेड-एंडला घातल्या. भरलेल्या सात माझ्या पद्धतीने ओट्यापुढे उभ्या केल्या, मोठीपासून लहानीपर्यंत, जसे डबे फळीवर लावतात. सासू-सुनांची भांडणं अशीच होतात. तोंडाने कोणी बोलत नाही. मसाल्याचा डबा इकडून तिकडे जातो, तिकडून इकडे येतो.

“आता बघ,” मी म्हणाले. कोणाला, ते मला विचारू नका.

दिवा मालवला आणि वर निघाले. सहाव्या पायरीवर होते.

टक.

पत्र्यावर पत्रा टेकल्याचा आवाज. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, टक.

उतार आहे, मी स्वतःला सांगितलं. वाघिणी घरंगळतायत. हेच म्हणाले होते, भरलेली गाडी उताराने येते. पण ओट्यापासून बोगद्यापर्यंत चढ होता, आणि आवाज बोगद्याकडे जात होता. टक. टक. सावकाश. घाई नसलेल्या माणसाने, दुसऱ्याने केलेला पसारा न रागावता आवरावा तसा. मी मोजले. सात.

गोळा माझ्या मुठीत होता. मी तो इतका घट्ट धरला होता की संध्याकाळपर्यंत तळहातावर वळ होता.

६

मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. कल्याणला धरपकड सुरू झाली, क्वार्टरांमधून माणसं उचलून नेत होते. ह्यांच्या यार्डातले निम्मे लोक भूमिगत झाले. कोणी नातेवाइकांकडे, कोणी शेतावर. आमचे हे अक्षरशः भूमिगत झाले. गोळा घेतला, झडप उघडली आणि उतरले.

“चार दिवस,” मला म्हणाले. “पोलीस आले तर सांग, गावाला गेलेत.”

“वर येणारच नाही? रात्री पण?”

“संप हाय, तुळजा. हौस न्हाय.”

चाराचे आठ झाले, आठाचे पंधरा. देशभर गाड्या उभ्या होत्या. आमच्या घरात मात्र रोज चालत होत्या. स्वयंपाकघराच्या ओट्यावर कान टेकवला की चाकं ऐकू येत. मी तिसऱ्या पायरीवर ताट ठेवी, ते पुसल्यासारखं परत येई. सुरुवातीला हे खालून बोलत. “मिरची कमी घाल.” “आईचा गुडघा कसा हाय?” मग फक्त घंटी उरली.

अकराव्या दिवशी घंटी वेगळी वाजली. दोन ठोके. जरा थांबून, आणखी दोन.

मी आक्कांकडे पाहिलं. आक्कांनी आधणात आणखी एक कप पाणी ओतलं.

“आक्का,” मी म्हणाले.

“दे गो. दोन दे.”

“दुसरा कोणाला?”

“विचारू नको माजे बाय. चांद्यावरनं आला तवापासनं हाय. पयल्यांदा आमी पन विचारलं व्हतं.” त्यांनी साखर घातली, एका कपात दोन चमचे, दुसऱ्यात एकही नाही. त्यांना हेही ठाऊक होतं. “कोनाला तरास न्हाय तिचा. येवडंच, का त्याला वर र्‍हाऊ देत न्हाय फार.”

दोन्ही कप मीच ठेवले. दोन्ही परत आले, धुतलेले, एकमेकांना टेकून पालथे. त्या टेकण्याचा मला जो राग आला तो सांगता येणार नाही. एका कपाची कड दुसऱ्याच्या कडेवर. आमचे कप असे कधी टेकले नव्हते.

७

संप मिटला. रेडिओवर सांगितलं, चौकात माणसं बोलू लागली. ह्यांच्याबरोबरचा सावळाराम सायकल दामटत आला. “केसरीला सांगा, आज दोनला हजर व्हायला पायजे. आज जो न्हाय येणार त्याची नोकरी गेली समजा. मी सही करून आलोय. कुटं हाय तो?”

“येतील,” सासूबाई म्हणाल्या. तो गेल्यावर त्यांनी झडप उघडून हाक मारली. “केसरी! संप मिटला रं! वर ये!”

खालून एक ठोका आला. एक म्हणजे, ऐकलं.

साडेअकरा झाले. बारा. आक्कांनी हाक मारली, मी मारली. एक ठोका. कल्याणची एस्टी पाऊण वाजता होती. ह्यांचा धुतलेला शर्ट मी दोरीवरून काढून, घडी घालून झडपेशी घेऊन बसले होते, आणि माझ्या लक्षात आलं की हे येणार नाहीत. नोकरीसाठी नाहीत, आईसाठी नाहीत. माझ्यासाठी येतील असं तर मी धरलंच नव्हतं.

शर्ट खाली ठेवला आणि पायरीवर पाय टाकला. गोळ्याशिवाय.

“तुळजा! गोळा न्हाय तुज्याकडं!” आक्का ओरडल्या.

अकरा पायऱ्या. या खेपेला मोजल्या नाहीत.

दिवा लागलेला होता. हे टेबलाच्या त्या टोकाला, बोगद्यापाशी पाठमोरे उभे होते. दाढी वाढलेली, सदरा कोळशाने माखलेला. बोगद्यातून गाडी बाहेर येत होती. इंजिन नव्हतं. भरलेल्या वाघिणी एकामागोमाग, उतार असूनही न घरंगळता, मागून कोणीतरी धरून सोडत असल्यासारख्या. शेवटची वाघीण बाहेर आली आणि तिच्यामागोमाग हात आला.

कोपरापर्यंत. काळा. मनगटात हिरवा चुडा, माझ्यासारखाच, पण काच आंधळी झालेली. हात फार निवांत होता. त्याने वाघिणी रुळावर नीट केल्या, एकीवरचा सांडलेला खडा उचलून परत आत ठेवला. मग तो तळवा वर करून थांबला.

त्या डोंगरात माणूस मावेल एवढी जागा नव्हती. बोगद्यामागे भिंत होती. मी हे दोन्ही तेव्हाच पाहून ठेवलं, अजूनही पाहते.

ह्यांच्या उजव्या हातात पिशवीतून काढलेला गोळा होता. तो ते त्या तळव्यावर ठेवायला निघाले होते. लाइन तिच्या हवाली करत होते. आणि ह्यांचा चेहरा मला बाजूने दिसला. तो मी आयुष्यात कधी विसरणार नाही, कारण तो फार छान होता. लग्नाच्या बोहल्यावर मी अंतरपाटाच्या वरून तोच चेहरा शोधला होता.

मी धावले आणि गोळा हिसकावला. माझी बोटं त्या तळव्याला लागली. थंड नव्हता. हे मला सर्वांत वाईट वाटलं. कोमट होता, धुणं धुऊन आलेल्या हातासारखा.

“तुळजा,” हे म्हणाले, अगदी हळू. “गोळा तिथं ठेव. तू चल पुढं, मी आलो.”

तिथं म्हणजे टेबलावर. हाताच्या जवळ.

मी गोळा छातीशी धरला आणि वर पळाले.

८

वरच्या पायरीवर पोचले तेव्हा आक्कांनी माझा दंड धरला. “तो कुटं?”

“येतील मागून.”

“कसा येल? गोळा तू आनलास!”

मी मागे वळून पाहिलं. हे जिन्याच्या तळाशी आले होते. पहिल्या पायरीपाशी थांबले होते, चपला जुळवून, फाटकाशी थांबावं तसे. वर बघत होते. पाय उचलत नव्हते. ते उचलणारच नव्हते. दोन वर्षं एकेरी लाइनीवर काढलेला माणूस गोळ्याशिवाय पाऊल टाकत नाही, खाली आग लागली तरी नाही.

“हात धरून आनायचा ना गो येडे!” आक्का म्हणाल्या. “जोडून आनला का चालतं! गोळा कशाला पळवलास?”

गोळा का पळवला ते मला माहीत होतं. तो तिला मिळू नये म्हणून. तिच्याकडे बघण्याच्या नादात मी ह्यांचा हात धरायला विसरले होते.

“जा परत,” सासूबाई म्हणाल्या. त्या रडत होत्या. “गोळा हाय तुज्या हातात, आता भ्याव न्हाय. जा, हात धर, आन त्याला वर. एस्टी जाईल.”

मी दोन पायऱ्या उतरले. ह्यांनी उजवा हात माझ्याकडे केला. तेवढंच हवं होतं मला, महिनोन् महिने. आणखी दोन उतरले.

मग ह्यांचा डावा हात दिसला. तो मागे होता. खांदा मागे ओढलेला, कोपर ताणलेलं, आणि मनगटापुढे दिवा संपून अंधार सुरू होत होता. ह्यांची बोटं मिटलेली होती, दुसऱ्या कोणाच्या बोटांवर मिटावीत तशी.

जोडलेला डबा वेगळी गाडी धरत नाहीत. मी हा हात धरून ओढला असता तर जेवढं जोडलेलं होतं तेवढं सगळं अकरा पायऱ्या चढून माझ्या स्वयंपाकघरात आलं असतं. जोड कोणाच्या बाजूने सुटते ते मला पाहायचं होतं, पण ह्यांनी सोडलं नाही. मी थांबले. मी मनात वीसपर्यंत मोजलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे हात केला, आणि तो दुसरा सोडला नाही.

मी उलटी चार पायऱ्या चढले. झडप लावली. गोळा कमरेला खोचला. साडीच्या निऱ्या त्याच्या वजनाने ओढल्या गेल्या, त्या नीट केल्या.

फळीवरची घंटी वाजली. तीन ठोके. थांबून, आणखी तीन.

सासूबाई झडपेकडे धावल्या. आक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आक्कांचा हात ताटांच्या चळतीकडे गेला होता, दोन उचलायला. त्या घरात येऊन मला साडेतीन महिने झाले होते आणि मी ‘हो’ आणि ‘जी’ आणि ‘येतील’ आणि एखाददुसऱ्या प्रश्नापलीकडे त्यांच्याशी मोठ्याने काही बोलले नव्हते. मी चळतीतलं एक ताट उचललं, बाकीची फळीवर सारली.

“आजपासून खाली एकाचंच ताट जाईल,” मी म्हणाले. “कोणी जेवायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं.”